डोकं एक, वाट्या दोन

आमच्या घरातली औषधं काही दिवस मसाल्याच्या डब्यात राहायला होती, आणि त्यांना तिथं मी नेऊन ठेवलं होतं.

(असले उद्योग घरातली रिकामी माणसं करतात, असं तुमच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. मी नुकताच निवृत्त झालो होतो.)

बत्तीस वर्षं मी एका चादरीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत असते, पण मागाचा एक बारका नट सापडला नाही तर अख्खी पाळी हात चोळत बसते, हे फक्त स्टोअरकीपरला माहीत असतं. माझ्या स्टोअरमध्ये नट हरवत नसे. प्रत्येक वस्तूला खण, प्रत्येक खणाला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर माझं टपोरं अक्षर! निरोपाच्या समारंभात मॅनेजरसाहेब भाषणात म्हणाले, "यांना झोपेतून उठवून विचारा, कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे ते डोळे मिटून सांगतील." त्यावर पहिल्या रांगेत बसलेली आमची शैला शेजारच्या बाईला म्हणाली, "स्वतःचा चष्मा कुठंय ते मात्र मला विचारतात." माईक लांब होता. पण शैलाच्या आवाजाला माईक लागत नाही, आणि सगळा हॉल हसला.

घरी बसल्यावर तिसऱ्याच दिवशी माझे हात शिवशिवायला लागले. मी स्वयंपाकघरात शिरून डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले. शैलानं ते बघितलं, कमरेला हात लावले आणि म्हणाली, "अहो, हात चालवायचाच असेल तर तो औषधांचा पसारा आवरा. माझ्या फळीला परत हात लावलात तर याद राखा!"

पसारा खरोखरच होता. काही गोळ्या फ्रिजवर, काही देवाच्या फोटोमागं, काही शैलाच्या पर्समध्ये आणि उरलेल्या एका पिशवीत, ज्या पिशवीत एक चावी, दोन बटणं आणि कुठल्या तरी लग्नातली सुपारीपण होती. माझ्यातला स्टोअरकीपर गहिवरला. माळ्यावर एक कोरा, सात वाट्यांचा, स्टीलचा मसाल्याचा डबा पडून होता. तो मी काढला, पुसला आणि वाट्यांना चिठ्ठ्या लावल्या. डोकं, उलटी, ताप, पोट, सर्दी, अंगदुखी आणि मधली वाटी 'इतर'.

आता अडचण अशी, की वाट्या गोल आणि गोळ्यांच्या पट्ट्या लांब. मी कात्री घेतली. एकेक गोळी सुटी कापली. कापलेले कोपरे बोटाला टोचतात म्हणून तेही गोल कातरले. खोकी आणि आतले ते घडी उलगडल्यावर सतरंजीएवढे होणारे कागद सरळ रद्दीत टाकले. (माल खणात लागला की खोकी ठेवत नसतात. हा नियम आहे!)

शैला चष्मा लावून डब्यात डोकावली.

"अहो, नावं गेली की सगळी!"

"नाव कशाला लागतंय? वाटी बघायची."

"सगळ्याच पांढऱ्या आणि सगळ्याच गोल दिसायल्यात."

"म्हणून तर वाट्या केल्या."

ती काही बोलली नाही. बायको काही बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं मी तेव्हा समजत होतो. (लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, अनुभव कमी पडला.)

आता शैलाच्या डोक्याबद्दल सांगायला पाहिजे. तिला अर्धशिशी आहे, डॉक्टर लोक मायग्रेन म्हणतात ती. उजव्या अर्ध्या डोक्यात घण पडतात, उजेड सोसत नाही, फोडणीचा वास आला तरी पोट ढवळतं. "आणि डाव्या अर्ध्यात काय असतं गं?" असं मी एकदा विनोदानं विचारलं होतं. "तुम्ही," ती डोळे न उघडता म्हणाली.

वर्षभरापूर्वी तिला आमच्या जुळे सोलापूर भागातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि एक गोळी लिहून दिली. "ही जोडगोळी आहे," त्या म्हणाल्या. "डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल आणि मळमळ थांबवायचं औषध, दोन्ही एकाच गोळीत. मायग्रेनमध्ये पोट आळसावतं, नुसती दुखण्याची गोळी आत तशीच पडून राहते. म्हणून ही. डोकं धरतंय असं वाटलं की लगेच एक घ्यायची, दुखणं चढून बसायची वाट बघायची नाही. दुसरी लागलीच तर आठ तासांनंतर. आणि हिच्यासोबत..."

हिच्यासोबत काय, ते मला आजतागायत आठवत नाही. कारण बाईंच्या मागं औषधांचं एक कपाट होतं, त्याला छत्तीस छोटे खण होते, आणि त्यांतल्या एकाचीही चिठ्ठी वाकडी नव्हती! मी ते कपाट बघण्यात गुंग झालो. शैलाच्या डोळ्यांवर पदर होता. तिला तर मीच म्हणालो होतो, "तू डोळे मिटून पड. मी ऐकतोय सगळं."

गोळीचा गुण मात्र छान आला. एक गोळी, खोलीत अंधार आणि तासाभराची शांतता, की शैला उठून माझ्यावर ओरडायला तयार! वर्षभर काही तक्रार नव्हती. मग माझा डबा आला, आणि ही जोडगोळी कुठल्या वाटीत ठेवायची हा प्रश्न आला.

डोक्याच्या वाटीत ठेवावी तर ती उलटीचीही आहे. उलटीच्या वाटीत ठेवावी तर डोक्यावर अन्याय! चहाचे दोन कप होईपर्यंत मी विचार केला. मग आठवलं, कारखान्यात एकच तेल मागखात्यालाही लागायचं आणि रंगखात्यालाही. आम्ही काय करायचो? निम्मं इकडं, निम्मं तिकडं. मी दहा गोळ्यांपैकी पाच डोक्याच्या वाटीत टाकल्या, पाच उलटीच्या. काम इतकं सुबक झालं होतं, की मी शेजाऱ्यांना बोलावून डबा दाखवला.

त्याच सुमारास शैलाचं दुचाकीचं लायसन्स व्हायचं होतं. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी तिनं बॅटरीवरची स्कूटर घेतली आणि शिकलीही. कारण एकच. तिची थोरली बहीण, आमच्या अक्का, वळसंगला असतात. इथून तासाभराच्या आतला रस्ता, पण एवढी वर्षं शैला तिथं गेली ती माझ्या गाडीमागं बसून, आणि तिथं पोचलो की दहाव्या मिनिटाला मी घड्याळ बघून म्हणायचो, "चल, चल." एकदा ती मला म्हणाली, "अक्काच्या घरात मी आजवर दुसरा चहा पिलेली नाही, माहितीय का तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. लायसन्स तिला त्या दुसऱ्या चहासाठी पाहिजे होतं.

दोनदा परीक्षा हुकली होती. पहिल्यांदा आठचा आकडा काढताना तिचा पाय टेकला. दुसऱ्यांदा मी कागदपत्रांची म्हणून जी फाइल व्यवस्थित बरोबर घेतली, तिच्यात घरची लाइट बिलं निघाली. आता शिकाऊ लायसन्सची मुदत शनिवारी संपत होती. मंगळवारी साडेअकराची वेळ मिळाली होती. ती हुकली तर सगळं पहिल्यापासून!

त्या मंगळवारी अक्का सकाळीच वडापच्या, म्हणजे माणशी भाड्याच्या जीपमधून हजर झाल्या. हातात शेंगाच्या चटणीची पिशवी, कडक भाकरीचं गाठोडं आणि तोंडात आशीर्वाद. "आज पास हुतीय बघ माझी भईन!" म्हणत त्या चुलीपाशी गेल्या (गॅस असला तरी अक्का त्याला चूलच म्हणतात) आणि बहिणीच्या कौतुकापायी लसूण-मिरचीची अशी खमंग फोडणी टाकली, की समोरच्या घरातला माणूस शिंकला. शैला रात्री काळजीनं नीट झोपलेली नव्हती आणि सकाळपासून उपाशी होती. सव्वाआठला ती भिंत धरून बाहेर आली.

"अहो, डोळ्यापुढं नागमोडी चमकायलंय."

"घाबरू नको! स्टोअर कशासाठी आहे?"

मी डबा आणला, झाकण काढलं आणि आवाजाला जरा खर्ज लावला.

"डोकं दुखतंय?"

"हो."

एक गोळी डोक्याच्या वाटीतून.

"मळमळतंय?"

"हो हो, लवकर द्या!"

एक गोळी उलटीच्या वाटीतून. दोन्ही सोलून मी तिच्या तळहातावर ठेवल्या.

"दोन का?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"दोन तक्रारी, दोन गोळ्या."

तिनं घेतल्या. डोळे मिटून नवऱ्यावर विश्वास ठेवला. (डोळे उघडे असते तर ठेवला नसता.)

मी अंघोळीला गेलो. डोक्यावर दोन तांबे ओतून साबण लावतो तोच बाहेरून अक्कांचा आवाज आला.

"दाजी, तापाची गोळी कुटली वो?"

मला इतका आनंद झाला! पहिल्यांदाच कुणी तरी माझ्या पद्धतीप्रमाणे माल मागत होतं. "तिसरी वाटी, अक्का! चिठ्ठी वाचून घ्या!" मी साबणाच्या फेसातून ओरडलो. ताप कुणाला आलाय, एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही. अक्कांनी शैलाच्या कपाळाला हात लावला होता आणि कपाळ त्यांना गरम लागलं होतं. आता मे महिन्यात सोलापुरात भिंतीला हात लावला तरी ताप निघतो! पण माया आंधळी असते. अक्कांनी तिसरी पांढरी गोल गोळी शैलाला पाजली आणि वर पदरानं वारा घातला.

नऊ-सव्वानऊला शैला उठून बसली. "उतरलं की हो डोकं!" ती म्हणाली. मी अक्कांकडं बघून भुवया उडवल्या. अक्कापण "लई गुणी डबा हाय" म्हणाल्या. शैलानं साडी बदलून पंजाबी ड्रेस घातला, थोडी भाकरी खाल्ली, हेल्मेट चढवलं आणि "निघायला वेळ आहे, पाच मिनिटं टेकते" म्हणून खुर्चीत बसली.

सव्वादहाला मी फाइल तीनदा तपासून बाहेर आलो. शैला हेल्मेटसकट एका बाजूला कलली होती आणि तिचा एक पाय मात्र शिवणाच्या मशीनवर असल्यासारखा हलत होता.

"शैला! चल, निघू."

"हं."

"अगं, आठचा आकडा काढायचाय!"

"सोळा," ती म्हणाली.

"काय सोळा?"

"आठ दुणे."

अक्का भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं धावत आल्या. "अय्यो शिवा! ही झोपायलीय का बसल्या बसल्या? दाजी, किती गोळ्या दिल्या तुमी?"

"दोन. नियमाप्रमाणे."

"म्या एक दिली की!"

"कुठली?"

"तापाची! तुमीच न्हाय का सांगितलं, तिसरी वाटी म्हून?"

बत्तीस वर्षांत स्टोअरमध्ये मी पुष्कळांवर ओरडलो होतो, पण आज कुणावर ओरडावं ते कळेना, कारण माल देणाराही मीच होतो. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"किती गोळ्या घेतल्या?"

"तीन, मॅडम."

"कुठल्या?"

"पांढऱ्या."

"काका, नाव सांगा."

"नाव नाही, मॅडम. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटीतल्या."

पलीकडं बाईंनी कुणाला तरी खाट रिकामी करायला सांगितलं.

"घरात जे काही आहे ते सगळं घेऊन लगेच या," बाई म्हणाल्या. "त्यांना रिक्षानं आणा, गाडीवर बसवू नका. आणि आता काहीही देऊ नका. कॉफी नको, लिंबू नको, काही नको!"

मी अक्कांच्या हातातला कॉफीचा कप काढून घेतला आणि गडबडीत स्वतः पिऊन टाकला.

अक्का आणि शैला रिक्षातून पुढं गेल्या. मी शैलाच्या स्कूटरवर, पायापाशी डबा ठेवून मागं. माझं सगळं लक्ष रिक्षातून बाहेर आलेल्या हेल्मेटवर होतं. ते हेल्मेट खड्ड्यागणिक मान डोलवायचं आणि मला वाटायचं, ती मला 'नाही, नाही' म्हणतेय. अशा मनःस्थितीत मी एका गतिरोधकावरून उडालो. डबा आडवा झाला. उचलून बघितलं तर झाकण शाबूत, पण आत सातही वाट्यांची भेळ! डोकं पोटात गेलं होतं, सर्दी तापात, आणि 'इतर' सगळीकडं.

दवाखान्यात तो डबा मांडीवर घेऊन बसलो तर शेजारच्या बाकावरच्या माणसानं वाकून विचारलं, "काका, काय आणलाव? शेंगाची चटणी काय?"

"औषधं आहेत," मी म्हणालो.

तो उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

आत बाईंनी शैलाला तपासायला घेतलं. नाडी, रक्तदाब, डोळे, सगळं. मग विचारलं, "तुमचं नाव काय?"

"शैला."

"आत्ता कुठं आहात?"

"आरटीओत."

बाईंचा चेहरा गंभीर झाला. अक्कांनी तर रडायलाच सुरुवात केली. तेवढ्यात शैलानं एक डोळा उघडला आणि म्हणाली, "असायला पाहिजे होते, म्हणते मी. किती वाजले?"

बाई माझ्याकडं वळल्या. "आता नीट सांगा. तुम्ही कुठल्या गोळ्या दिल्या?"

"एक डोक्याच्या वाटीतली, एक उलटीच्या."

"डोक्याच्या वाटीत कुठली गोळी असते?"

"तुम्ही दिलेली."

"बरं. आणि उलटीच्या वाटीत?"

"तुम्ही दिलेली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या स्वतःच्या उत्तराचा अर्थ हळूहळू, पायऱ्या चढून आल्यासारखा, माझ्यापर्यंत पोचला.

"म्हणजे एकच गोळी दोन वाट्यांत?" बाईंनी विचारलं.

"निम्मी निम्मी, मॅडम. दोन्ही खात्यांना लागते म्हणून..."

"आणि ही तिसरी, तापाची?"

"ती साधीच हो, पॅरासिटामॉलची."

"काका, या जोडगोळीत काय असतं, हे मी तुम्हाला याच खुर्चीत सांगितलं होतं."

"पॅरासिटामॉल," मी म्हणालो. इतक्या बारीक आवाजात की शाळेत मास्तरांपुढंही तसा कधी बोललो नव्हतो.

"म्हणजे एकाच वेळी पॅरासिटामॉल तीन ठिकाणांहून गेलं, आणि मळमळीचं औषध दुप्पट. ते एवढं गेलं की झोप येते, पाय स्वस्थ राहत नाहीत. 'हिच्यासोबत दुसरी पॅरासिटामॉल नको, सर्दी-तापाची गोळी घेताना आधी आत काय आहे ते वाचा,' हे मी तेव्हा दोनदा म्हणाले होते. तुम्ही मान हलवत होता!"

मी मान हलवत होतो ती त्यांच्या कपाटाला दाद म्हणून. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

बाईंनी डब्याचं झाकण काढलं, भेळ बघितली आणि परत लावलं. "हे सगळं इथंच राहू द्या, आम्ही टाकून देतो. गोळी पट्टीतच ठेवायची. पट्टी खोक्यात ठेवायची, आतल्या कागदासकट. कापायची नाही, वाटायची नाही, दुसऱ्याच्या कपाळाला हात लावून द्यायची नाही," असं म्हणून त्यांनी अक्कांकडंही एकदा बघितलं. अक्कांनी पदर डोक्यावरून आणखी पुढं ओढला.

"मॅडम, हिला काही होणार नाही ना?" मी विचारलं.

"यांना लिव्हरचा त्रास नाही, दुसरं काही औषध चालू नाही, आणि तीनवरच थांबलात. तासभर इथं पडू द्या, मी बघते. आज पॅरासिटामॉल असलेलं काही नाही. आज गाडीही नाही, गुंगीत हॅंडल धरायचं नाही. त्या ठीक होतील. पण काका, हे नशीब आहे. पद्धत नाही."

मला शेजारच्या स्टुलावर बसवेना. मी उभाच राहिलो. शैला खाटेवर पडून होती आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा साडेअकरावर आला, तसं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तीस वर्षांच्या दुखण्यात मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की मी तिचा हात धरून म्हणालो, "शैला, मी मूर्ख आहे गं."

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण ते कळायला माझा मंगळवार कशाला घेतलात?"

संध्याकाळपर्यंत ती खडखडीत बरी झाली. मग मोबाइल घेऊन पलंगावर बसली आणि तासभर खटपट करून कुणी तरी सोडलेली शुक्रवारची वेळ मिळवली. शनिवारी मुदत संपणार, म्हणजे हा शेवटचा चेंडू! मेडिकलमधून नवी पट्टी आणवली ती मंगलकडून, म्हणजे शेजारणीकडून. खोकं उघडून आतला कागद चष्मा लावून पूर्ण वाचला, आणि वाचता वाचता मधूनच माझ्याकडं बघत होती. शेवटी तिनं कागदाची घडी घातली आणि आदेश काढला.

"उद्या सकाळी तुम्ही अक्काबरोबर वळसंगला जायचं."

"आणि परीक्षेला तुझ्यासोबत कोण?"

"मंगल येतीय."

"अगं, पण ऐनवेळी तुला काही लागलं तर?"

"काही लागू नये म्हणूनच जायचं."

"शुक्रवारी संध्याकाळी परत येतो मग."

"लायसन्स मोबाइलवर येईपर्यंत तिथंच राहा. त्यानंतर मी घ्यायला येते."

नवऱ्याला माहेरी धाडल्याचं तुम्ही कुठं ऐकलंय का? मला बायकोच्या बहिणीच्या घरी धाडलं! बुधवारपासून मी वळसंगला अक्कांच्या ओट्यावर बसून होतो. येणारे-जाणारे विचारायचे, "पावणं, कदी आलाव? बाईसाब कुटं हायत?" त्यावर अक्का आतूनच उत्तर द्यायच्या, "ती परीक्षा द्यायलीय. ह्यास्नी लांब ठेवलंय." एकदा वेळ जाईना म्हणून मी त्यांच्या कोनाड्यातल्या बाटल्या उंचीप्रमाणे लावायला घेतल्या. अक्कांनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि शेंगा फोडायला सूप आणून दिलं. शुक्रवारी दुपारी फोन आला. "पास," एवढंच म्हणाली आणि ठेवला. मी ओट्यावरून उठून आत जाऊन अक्कांच्या पाया पडलो. का पडलो ते मलाही सांगता येणार नाही, पण डोळे भरून आले होते आणि कुणाच्या तरी पाया पडणं भाग होतं.

सोमवारी दहाच्या सुमाराला शैला आली. हेल्मेट नीट, दप्तरासारखी पर्स पाठीवर, आणि स्कूटर अशी आणून उभी केली की कोंबड्यासुद्धा घाईनं बाजूला झाल्या नाहीत. अक्कांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दोघी बहिणी आत बसल्या. एक चहा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याचं आधण ठेवल्याचा आवाज मी ओट्यावरून ऐकला आणि हात पाठीमागं बांधून ठेवले, म्हणजे मनगटावरच्या घड्याळाकडं नजर जायला नको.

उन्हं कलल्यावर ती बाहेर आली.

"साहेबांनी काही विचारलं का गं परीक्षेत?" मी विचारलं.

"विचारलं की. म्हणाले, बाई, तब्येत बरी आहे ना? काही गोळीबिळी घेऊन आला नाही ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, घ्यायची सोय नाही, साहेब. देणाऱ्याला परगावी ठेवलंय." तिनं हेल्मेट चढवलं. "बसा मागं."

मी मागं बसलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. गावाबाहेर पडलो तोच समोर खड्डा दिसला आणि माझ्या तोंडातून निघालं, "अगं, खड्डा! ब्रेक! डावीकडून घे, डावीकडून!"

"अहो, परत डोकं धरेल माझं. गप्प बसता का?"

मी गप्प बसलो. सोलापूर येईपर्यंत बसलो. दारात गाडी लावून तिनं हेल्मेट काढलं, मान दोन्हीकडं फिरवून बघितली आणि आश्चर्यानं म्हणाली, "एवढ्या उन्हातून आले, पण डोकं कसं हलकं वाटायलंय!" तेव्हा मला कळलं, की शैलाच्या अर्धशिशीवर एक औषध माझ्याकडं एवढी वर्षं होतं. आठ तास थांबायला नको, दुसऱ्या कुठल्याही गोळीबरोबर चालतं, झोप येत नाही, गाडीही चालवता येते. पण ते आमच्या घरात कधी शिल्लक राहत नाही, कारण आत पाऊल टाकता टाकताच मी म्हणालो, "बघ, मी सांगितलं म्हणून तू तो खड्डा चुकवलास!"